नसलेल्या संगणकासाठी लिहिलेले खेळ

१९९१ साली ॲक्टिव्हिजननं ‘द लॉस्ट ट्रेझर्स ऑफ इन्फोकॉम’ नावाचा संच विक्रीला आणला. एका खोक्यात वीस जुने साहसखेळ. ते बनवणारी, पुढे ॲक्टिव्हिजननंच विकत घेतलेली इन्फोकॉम कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती, माणसं पांगली होती, आणि ज्या घरगुती संगणकांवर हे खेळ मुळात खपले त्यातले बरेचसे माळ्यावर गेले होते. तरी खेळ नव्या पीसीवर चालले. आज ते फोनवर आणि ब्राउझरमध्येही चालतात.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. जुना प्रोग्रॅम नव्या मशिनवर टाकला की तो बहुधा उघडतच नाही, किंवा उघडतो आणि धड चालत नाही. ऐंशीच्या दशकातल्या अनेक खेळांमध्ये ‘जरा थांब’ हे सांगण्यासाठी प्रोसेसरला नुसतं ठरावीक आकड्यापर्यंत मोजायला लावत. प्रोसेसर दहापट वेगवान झाला की थांबणंही दहापट कमी, आणि शत्रू दिसायच्या आत तुमचा खेळ खल्लास. नव्वदीत कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना पीसीच्या खोक्यावरचं ‘टर्बो’ बटण आठवत असेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशिन मुद्दाम हळू करण्याचा होता, तो अशाच प्रोग्रॅमांसाठी.

इन्फोकॉमचे खेळ यातून वाचले ते नशिबानं नव्हे. त्यांच्या रचनेतच ती सोय होती, आणि ती दूरदृष्टीपेक्षा अडचणीतून आली, असं मला वाटतं.

अडचण समजून घ्यायला ‘झॉर्क’पाशी जावं लागतं. १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर तो लिहिला. चित्र एकही नाही. पडद्यावर मजकूर येतो: तुम्ही एका पांढऱ्या घराच्या पश्चिमेला मोकळ्या माळावर उभे आहात, घराच्या दारावर फळ्या ठोकल्या आहेत, समोर एक छोटी टपालपेटी आहे. आता काय करायचं ते साध्या इंग्रजीत टाइप करा. पेटी उघडा, पत्रक वाचा, कंदील घ्या, तळघरात उतरा. अंधारात रेंगाळलात तर ‘ग्रू’ नावाचा प्राणी तुम्हाला खाण्याची दाट शक्यता आहे, अशी सूचना मिळते, आणि ती खोटी नसते.

१९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढून हा खेळ घरोघरी विकायचं ठरलं. पण घरातला संगणक म्हणजे कोणता? ॲपल टूमध्ये एक प्रोसेसर, टीआरएस-८० मध्ये दुसराच. मागोमाग अटारी, कमोडोर, आयबीएम पीसी. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नाही, एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नाही. प्रत्येक मशिनसाठी प्रत्येक खेळ नव्यानं लिहायचा तर कंपनी पहिल्याच वर्षी बुडाली असती. त्यात या यंत्रांची मेमरी ३२ किंवा ४८ किलोबाइट. मूळ झॉर्कला त्याहून कितीतरी जास्त लागायची.

यावर जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी एक संगणकच आखला, जो कुणी कधी बांधणार नव्हतं. त्याचं नाव झेड-मशिन. त्याच्या आज्ञा ठरवल्या, मेमरीची मांडणी ठरवली, आणि सगळे खेळ या काल्पनिक यंत्रासाठी लिहायचे असा नियम केला. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी एकच छोटा प्रोग्रॅम करायचा: झेड-मशिनची एकेक आज्ञा वाचून ती त्या संगणकाच्या भाषेत पार पाडणारा इंटरप्रिटर. दहा संगणक आणि वीस खेळ असतील, तर दोनशे प्रोग्रॅमांऐवजी दहा इंटरप्रिटर आणि वीस खेळांच्या फायली. पुढे जावा भाषेनं १९९५ मध्ये हीच कल्पना जगभर नेली. इन्फोकॉमकडे ती दीड दशक आधी होती, आणि तिथं तिचा उपयोग चोर आणि राक्षसांचे खेळ चालवायला होत होता.

जागेचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला, ते मला अख्ख्या प्रकरणातलं सर्वात देखणं काम वाटतं. एरवी संगणक एक अक्षर ठेवायला ८ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या आठ जागा, खर्च करतो. झेड-मशिन ५ बिटांत भागवतं. ५ बिटांत ३२ खुणा बसतात. त्यातल्या २६ इंग्रजी अक्षरांना, एक मोकळ्या जागेला, दोन ‘पुढचं अक्षर कॅपिटल’ किंवा ‘पुढचं चिन्ह विराम वा आकडा’ हे सांगायला. उरल्या तीन. त्या वारंवार येणाऱ्या तुकड्यांच्या यादीकडे बोट दाखवतात. एखादा शब्द मजकुरात शेकडो वेळा येत असेल तर तो यादीत एकदाच लिहायचा आणि बाकी सगळीकडे दोन खुणांत उरकायचा. बत्तीसच्या बत्तीस खुणा कामाला लागल्या. अशी तीन अक्षरं १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत मावतात. उरलेला एक बिट मजकूर संपला हे सांगतो. (आपली मुळाक्षरं आणि काना-मात्रे या ३२ खणांत कोंबायचे म्हटले तर डोकं धरून बसावं लागेल. ती सोय फक्त इंग्रजीची.)

या काटकसरीची खूण तुम्ही आजही पाहू शकता. सुरुवातीच्या खेळांचा शब्दकोश प्रत्येक शब्दाला चार बाइट देतो, म्हणजे फक्त सहा अक्षरं. झॉर्कमधल्या टपालपेटीचं इंग्रजी नाव ‘मेलबॉक्स’ सात अक्षरांचं आहे. शेवटचं ‘एक्स’ गाळा किंवा त्याजागी काहीही बडवा, पेटी बिनतक्रार उघडते. खेळानं सातवं अक्षर बघितलेलंच नसतं.

मेमरीचीही वाटणी केली होती. जे बदलतं, म्हणजे कंदील कुणाकडे आहे, दार उघडं की बंद, तेवढंच कायम मेमरीत. वर्णनांचा मोठा गठ्ठा फ्लॉपीवर, लागेल तसा वाचायचा. एवढं करूनही मूळ झॉर्क एका फ्लॉपीत मावला नाही, म्हणून त्याचे तीन भाग झाले.

लुकासफिल्म गेम्सनं १९८७ मध्ये ‘मेनियॅक मॅन्शन’साठी स्कम हे इंजिन केलं, तेव्हा तिथंही खेळाची पटकथा आणि ती चालवणारा प्रोग्रॅम वेगळे ठेवले होते. त्यामुळेच २००१ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांना स्कमव्हीएम लिहिता आलं. ते जुना पीसी भासवत नाही. ते काम डॉसबॉक्स करतं. स्कमव्हीएम मूळ इंजिनाच्या जागी स्वतः बसतं आणि जुन्या फायली थेट वाचतं, त्यामुळे प्रोसेसरच्या वेगाचा घोळ बऱ्याच अंशी मिटतो. आज विकत मिळणाऱ्या अनेक जुन्या साहसखेळांच्या पोटात हेच असतं.

कोड असा तगला. नाजूक निघाला तो कागद. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खूनतपासाच्या खेळाची सगळी पार्श्वभूमी फ्लॉपीत मावेना, म्हणून खोक्यात पोलिसी जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची पुडीही टाकली गेली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक खेळाबरोबर असं काहीतरी येऊ लागलं, आणि हळूच ते नकल रोखायचं साधनही झालं. ‘स्टारक्रॉस’मध्ये सोबतच्या नकाशाशिवाय यान हाकता येत नाही. संचांमध्ये या वस्तूंच्या छापील प्रती आल्या, १९९६ च्या ‘मास्टरपीसेस ऑफ इन्फोकॉम’ या सीडीत तर नुसत्या पीडीएफ. ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबोस’बरोबर खरवडून हुंगायचं कार्ड होतं. त्याचं पीडीएफ काय कामाचं?

त्याच सीडीत ३३ खेळ होते, पण डग्लस ॲडम्सबरोबर केलेला ‘हिचहायकर्स गाइड’ नव्हता. तांत्रिक अडचण काहीच नव्हती, हक्कांची होती. उलट एक भर मात्र मजेची: हौशी लेखकांच्या १९९५ च्या स्पर्धेतले सहा विजेते खेळ. तोवर झेड-मशिनची रचना बाहेरच्यांनी उलगडली होती आणि ग्रॅहम नेल्सननं १९९३ मध्ये त्यासाठी इन्फॉर्म ही नवी भाषाही केली होती. मालक कंपनीनं काहीही न करता तिच्या मेलेल्या यंत्रासाठी नवे खेळ लिहिले जात होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिन्ही झॉर्कचा मूळ कोड ॲक्टिव्हिजनची आताची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टनं एमआयटी परवान्याखाली खुला केला. कुणालाही तो वाचता, बदलता येतो. खेळूनच बघायचं असेल तर फ्रॉट्झसारखा एखादा इंटरप्रिटर उतरवून घ्या आणि झॉर्कपासून सुरुवात करा. नंतर ‘द लर्किंग हॉरर’कडे वळलात तर आधी त्याचं जुनं सामान शोधून ठेवा. पहिल्याच खोलीतला संगणक लॉगिन मागतो, आणि ते विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर छापलेलं आहे.