म्हशीला ढेप चालते, वासराला का नाही?

कापूस विकताना सगळ्यांचं लक्ष रुईच्या भावाकडे. पण शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला तर रुई निघते जेमतेम 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकीच, म्हणजे कपाशीचं बी. तिचं तेल गाळलं की उरते ढेप, आणि ती पोत्यांतून परत गावात येऊन गव्हाणीत पडते. खानदेशातली कपाशी अशी घरी परत येते.

टरफलासकट गाळलेल्या ढेपेत प्रथिनं साधारण 22 टक्के, टरफल काढलेलीत 40 च्या आसपास. पोतं घेताना भावाआधी हे विचारावं. आपण विचारत नाही, ते सोडा.

सरकीत एक गोम आहे. बी फोडून पाहिलं तर आत बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल असतं, किडींनी खाऊ नये म्हणून झाडानंच करून ठेवलेलं विष. कोंबडीला ते बाधतं, अंड्यातला बलक हिरवट पडतो. डुकराच्या तर हृदयावर जातं. मग म्हैस रोज ढेप खाऊन ठणठणीत कशी? तिच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. तिथे बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून बसतं आणि रक्तात उतरत नाही. वासराचं कोठीपोट मात्र अजून तयार झालेलं नसतं. दूध पिणारं वासरू पोटाच्या हिशेबानं कोंबडीच्याच पंक्तीत. आईच्या घमेल्यात त्यानं तोंड घातलं की आपल्याला कौतुक वाटतं, पण त्याला तिथून ओढलेलंच बरं. पैदाशीच्या वळूलाही ढेप बेतानंच द्यावी, कारण गॉसिपॉल शुक्राणूंवर परिणाम करतं.

जळगावच्या दाल मिलमधली तुरीची, हरभऱ्याची चुनी या बाबतीत निर्धास्त. टरफल, अंकुर, डाळीची कणी, सगळं जनावराच्या कामाचं.

ओल मात्र ढेप आणि चुनी दोघींची वैरीण. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पोत्याला बुरशी धरते. तिच्यातली अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. काळा-हिरवा भाग खरवडून उरलेली ढेप भिजवायची, ही आपल्याकडची जुनी काटकसर. पण विष दिसत नाही, ते बुरशीच्या डागापुढेही पसरलेलं असतं. जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि दूध कितीही उकळलं तरी तो जात नाही.