छायाचित्रावरून जुनी मोटारगाडी ओळखणे

जुन्या छायाचित्रातील मोटारीची कंपनी, मॉडेल आणि साल तिच्या बाह्य खुणांवरून ठरवण्याची पद्धत. ‘व्हिंटेज’ हा शब्द बोलण्यात कोणत्याही जुन्या गाडीला लावतात. ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या मते मात्र १९१९ ते १९३० मधल्याच गाड्या व्हिंटेज. भारतात २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला हा दर्जा दिला.

पहिली नजर रेडिएटरवर, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीदार भागावर जाते. १९३० च्या सुमारापर्यंत तो समोर उघडाच असे आणि कंपन्या त्याचा घाट सहसा बदलत नसत. रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, बुगाटीचा घोड्याच्या नालासारखा. जुन्या रेनॉल्टला समोर रेडिएटरच दिसत नाही; तो इंजिनामागे असल्याने बॉनेट पुढे उतरते होत जाते. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर बनली, म्हणून अल्बममध्ये ती वारंवार भेटते. तिचा रेडिएटर पितळी, चकाकता असेल तर गाडी १९१६ पर्यंतची. काळे कवच १९१७ च्या मॉडेलपासून आले. तिच्यानंतरच्या मॉडेल ए मध्ये फरक आणखी बारीक आहे. १९२८-२९ ची चाके २१ इंची, तर १९३०-३१ ची १९ इंची आणि रेडिएटरचे कवच अधिक उंच. शेजारी उभ्या माणसाच्या गुडघ्याशी चाकाची उंची ताडून पाहिली, तर हा फरक कधीकधी सापडतो.

इतर खुणा साल आवळत नेतात. कार्बाइडच्या वायूवर जळणारे दिवे गेले आणि विजेचे आले; मॉडेल टी ला ते १९१५ मध्ये मिळाले. पुढे मडगार्डांमधल्या दांडीवर बसवलेले हेडलाइट १९४० च्या सुमारास मडगार्डातच सामावले. लाकडी आऱ्या, तारेच्या आऱ्या की पत्र्याची चाके, बॉनेटच्या हवेच्या झडपा किती आणि उभ्या की आडव्या, समोरची काच सरळ की मधोमध दुभंगलेली, हेही मोजावे. फूटबोर्डावर आऱ्या नसलेली, नुसती धाव व टायर असलेली चकती दिसली तर ती खरी स्टेपनी. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये निघालेल्या कंपनीची ही वस्तू पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडत. आपण कोणत्याही जादा चाकाला स्टेपनी म्हणतो, ते तिच्याच नावावरून.

प्रत आरशातल्यासारखी उलटी छापली गेली असेल, तर डावे सुकाणू उजवे दिसते आणि सगळा तर्क कोलमडतो. नंबरप्लेट वाचता येत नसेल तर पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा पाहावा. तो डावीकडे असायला हवा. प्लेट वाचता आली तर तिच्याइतका बोलका पुरावा नाही. ब्रिटनमध्ये १९०४ पासून क्रमांक सक्तीचे झाले. महाराष्ट्रातील ‘एमएच’ मालिका १९८९ नंतरची आहे; तेव्हा डॉजसारख्या जुन्या अमेरिकी गाडीवर ‘एमएच’ दिसले तर फोटो नवा आहे, गाडी नव्हे.

चूक बहुधा कंपनीच्या चिन्हावर विसंबल्याने होते. महागड्या गाड्यांचे केवळ सांगाडे विकले जात आणि वरची पेटी (बॉडी) वेगळे कारागीर बांधत. म्हणून रोल्स-रॉइस दोन सारख्या दिसतीलच असे नाही. उलट डॉज आणि प्लिमथ या दोन्ही नावांनी गाड्या काढणाऱ्या अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या, निर्यातीसाठीच्या डॉज किंग्जवेचे अंग प्लिमथचे, नाव मात्र डॉजचे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या जात, त्यामुळे आपल्याकडे हा घोळ जास्त आढळतो.

साल मिळाले तरी ते गाडीचे, छायाचित्राचे नव्हे. गाड्या वर्षानुवर्षे धावत, म्हणून ‘या वर्षाच्या आधीचे नाही’ एवढेच म्हणता येते. मालकीचा प्रश्न तर निराळाच. आजोबा ज्या गाडीला टेकून उभे आहेत ती त्यांचीच असेल असे नाही. कित्येकदा ती शेजाऱ्याची असे, किंवा जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पुठ्ठ्याची.