पट्टकृमींचा संसर्ग

पट्टकृमी हे माणसाच्या लहान आतड्यात राहणारे चपटे, लांबलचक, खंडाखंडांचे जंत होत. गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा कित्येक मीटर वाढला तरी सहसा आतड्यापुरताच राहतो. मुलांमध्ये जास्त आढळणारा हायमेनोलेपिस नाना जेमतेम इंच-दीड इंचाचा असतो. खरी चिंता डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियमची आहे, कारण त्याच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

उघड्यावर पडलेली बाधित माणसाची विष्ठा डुकराने खाल्ली की अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच्या स्नायूंत पाण्याने भरलेल्या पुटी तयार करतात. ते मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर पुटीतले जंताचे डोके चार चूषकांनी आणि आकड्यांच्या दुहेरी कड्याने आतड्याला चिकटते आणि दोन-अडीच महिन्यांत जंत पूर्ण वाढतो. फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर या जर्मन डॉक्टरने १८५५ साली मृत्युदंड झालेल्या कैद्याला अशा पुटी खायला घालून, शवविच्छेदनात त्याच्या आतड्यातले कोवळे जंत दाखवले. पुरावा बिनतोड होता, पण माणसाला असे वापरणे अमानुषच.

आतड्यातला जंत बहुतेकांना जाणवतही नाही. कुणाला पोटात बारीक दुखते, मळमळते, भूक कमी-जास्त होते. ‘कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही, म्हणजे पोटात जंत आहेत’ हा समज सर्रास असला तरी त्यावरून निदान करता येत नाही. भरवशाची खूण म्हणजे शौचातून पडणारे, भोपळ्याच्या बीसारखे पांढुरके खंड. सॅजिनाटाचे खंड तर स्वतः सरपटत बाहेर येतात आणि कपड्यांवर सापडतात. असा खंड फेकून न देता झाकणाच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत द्यावा आणि हात साबणाने धुवावेत. सोलियम आणि सॅजिनाटा या दोन्ही जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. खंड मात्र दोन काचपट्ट्यांत दाबून त्यातल्या गर्भाशयाच्या एका बाजूच्या फांद्या मोजता येतात: सोलियममध्ये साधारण ७ ते १३, सॅजिनाटात बहुधा १५ किंवा अधिक. अंडी रोज पडत नसल्याने शौचाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तपासावे लागतात.

मेंदूतला आजार मात्र मांस खाऊन होत नाही. ज्याच्या आतड्यात सोलियम आहे त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या हातांवाटे, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्याच्या स्वतःच्याही जाऊ शकतात. डुकराऐवजी माणसाच्याच स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पुटी होतात. त्यामुळे जन्मात मांसाला न शिवलेल्यालाही हा आजार होतो. कोबीतून हा आजार होतो या भीतीने तो कायमचा सोडणे मात्र व्यर्थ आहे. भाजी नीट धुऊन शिजवली की ती भीती उरत नाही.

पुटी वर्षानुवर्षे गप्प राहू शकतात. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी फिट येऊ लागल्या, त्या याच पुटींमुळे. भारतात फिट येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. आधी कधीही फिट न आलेल्याला ती आली किंवा डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या, तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. भारतीय रुग्णांत वारंवार दिसणारी एकच छोटी कडेदार गाठ पूर्वी क्षयाची समजली जाई. ती बहुधा मरू घातलेली पुटी असते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाले. त्यामुळे कित्येकांची क्षयाची अनावश्यक औषधे टळली.

आतड्यातल्या जंतावर प्राझिक्वांटेलचा (वजनाच्या दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम) किंवा निक्लोसामाइडचा (प्रौढांना २ ग्रॅम) एकच डोस बहुधा पुरतो. पुढे शौच पुन्हा तपासून घ्यावे. फिट किंवा जुनाट डोकेदुखी असलेल्याने मात्र जंताची गोळी मनाने घेऊ नये. मेंदूतल्या पुटी औषधाने मरतात तेव्हा भोवती सूज येते आणि झटके वाढू शकतात. त्यामुळे तिथे फिटचे औषध आणि स्टेरॉइड यांच्या आधारानेच अल्बेंडाझोल देतात. डोळ्यांत पुटी नाहीत हेही आधी पाहतात.

डुकराचे मांस आतपर्यंत शिजवणे, शौचालय वापरणे, स्वयंपाकाआधी हात धुणे हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. राहून जाते ती घरच्यांची तपासणी. रुग्णाच्या मेंदूत पुटी सापडली की घरातल्या सर्वांचे आणि रोज स्वयंपाक करणाऱ्याचे शौच तपासावे, कारण अंडी पसरवणारा जंत बऱ्याचदा त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी आतड्यात असतो आणि एका डोसने तो निघतो.