केरिओरिया (एस्कोलर आणि ऑइलफिशमुळे होणारा त्रास)

एस्कोलर किंवा ऑइलफिश खाल्ल्यावर शौचावाटे नारिंगी, कधी हिरवट-तपकिरी तेल गळायला लागतं, त्याला केरिओरिया म्हणतात. शब्द ग्रीकवरून आलाय, अर्थ मेण वाहणं, आणि प्रकार खरंच तसाच आहे.

दोन्ही मासे खोल समुद्रातले, ट्युनासाठी टाकलेल्या गळांना हेही लागतात. यांच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तेलच असतं, पण ते नेहमीचं फॅट नाही, जवळपास सगळं वॅक्स एस्टर म्हणजे एक प्रकारचं मेण, जे माणसाला पचवता येत नाही, मग ते आतड्यातून तसंच खाली सरकतं आणि शेवटी गुदाशयात साठून राहतं. रोखून धरायला गेलं तरी जमत नाही, बसल्या जागी कपड्यांना डाग पडतात, टॉयलेटच्या पाण्यावर नारिंगी थेंब तरंगताना दिसतात. काहींना पोटात कळा येतात, मळमळतं, उलट्या होतात. जुलाबासारखं अंगातलं पाणी मात्र सहसा जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी, आणि बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. एकाच ताटातलं खाऊन एकाला त्रास होतो, दुसऱ्याला काहीच नाही.

मासा नासलेला नसतो, त्यामुळे वास घेऊन किंवा ताजेपणा बघून काही कळत नाही, आणि शिजवून मेण पुरतं जातही नाही. खरी गोची नावाची आहे. मांस पांढरं, लोण्यासारखं मऊ, म्हणून ते व्हाइट ट्युना, बटरफिश, कॉड अशा नावांनी खपवलं जातं. हाँगकाँगमध्ये 2007 च्या सुरुवातीला कॉड म्हणून विकलेला मासा ऑइलफिश निघाला आणि मोठा गाजावाजा झाला. समुद्र वाचवण्यासाठी काम करणाऱ्या ओशियाना संस्थेने 2013 मध्ये अमेरिकेतली पाहणी जाहीर केली, त्यात व्हाइट ट्युना म्हणून घेतलेल्या नमुन्यांपैकी 84 टक्के प्रत्यक्षात एस्कोलर होते! म्हणजे खाणाऱ्याला सावध राहायची संधीच मिळत नाही, आणि हेच सगळ्यात चुकीचं आहे.

जपानमध्ये यांच्या विक्रीवर बंदी आहे. युरोपियन युनियनमध्ये विकता येतात पण पॅकबंदच, आणि शिजवायची पद्धत व पोटाच्या त्रासाची सूचना लेबलवर लागते. डोकं-कातडी काढून तुकडे केल्यावर मासा नुसता बघून ओळखणं अवघड, तिथे डीएनए टेस्टच लागते.

एस्कोलर नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायनही तयार होतं. तो त्रास वेगळा, त्यात चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं.