मेकअप ब्रशची घरगुती स्वच्छता

चेहऱ्याला रंग लावताना ब्रशमध्ये साठलेला रंग, त्वचेचे तेल, मृत पेशी आणि जंतू घरच्या घरी धुऊन काढण्याची पद्धत. अस्वच्छ ब्रशमुळे मुरुमे चिघळू शकतात आणि डोळ्यांच्या ब्रशमधून डोळे येण्याचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. फाउंडेशनही सारखे न बसता त्याचे पट्टे उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही संस्था दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुण्याचा सल्ला देते. फाउंडेशन, कन्सीलर आणि लिपस्टिकच्या ब्रशसाठी हे अंतर पाळायलाच हवे. फक्त कोरडी पावडर लावायचा ब्रश थोडा उशिरा धुतला तरी फारसे बिघडत नाही.

ब्रशचे तीन भाग असतात : केसांचा झुपका, तो आवळून धरणारी धातूची नळी आणि दांडा. नळीच्या आत केस गोंदाने पक्के केलेले असतात आणि घरी धुतलेले ब्रश खराब होतात ते बहुधा याच ठिकाणी. नळीत पाणी मुरले की गोंद सैल पडतो आणि केस गळू लागतात. लाकडी दांडा पाणी पिऊन फुगतो, त्यावरचा रंग तडकतो. तोच दांडा वाळून आकसला की नळी डुगडुगते. त्यामुळे धुण्यापासून वाळेपर्यंत केसांची टोके वरच्या बाजूला करू नयेत. ब्रश मगात बुडवून ठेवणे आणि गरम पाणी वापरणे, दोन्ही टाळावे.

शेळी किंवा खारीच्या केसांचे ब्रश पावडर चांगली धरतात, पण माणसाच्या केसांसारखेच ते तीव्र साबणाने रखरखीत होतात. कृत्रिम तंतू तेल आणि क्रीम शोषत नाहीत, त्यामुळे ते धुवायला सोपे. दोन्ही प्रकारांना लहान मुलांचा किंवा साधा सौम्य शाम्पू चालतो. अंगाचा साबण बोअरच्या जड पाण्यात फुटतो आणि केसांवर पांढरट थर राहतो. शाम्पूने तसे होत नाही. भांड्यांच्या लिक्विडने तेल लवकर निघते, मात्र नैसर्गिक केसांसाठी ते वापरू नये.

धुण्यापूर्वी ब्रश टिश्यूवर पुसून सुटा रंग काढतात. वॉटरप्रूफ काजळ, जेल आयलायनर किंवा घट्ट फाउंडेशन असेल, तर केसांच्या टोकांना आधी दोन थेंब बेबी ऑइल लावून रंग सैल करावा. नुसता शाम्पू त्यावर फारसा चालत नाही. मग वाटीभर कोमट पाण्यात एक चमचा शाम्पू घालून फक्त टोके बुडवावीत आणि तळहातावर ब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. काबुकीसारख्या दाट ब्रशमध्ये रंग मुळाशी दडलेला असतो. तो बोटांनी केस फाकवून काढावा लागतो, वरून कितीही घासले तरी निघत नाही. नळाची धार टोकांकडे वाहील असा ब्रश धरून, पिळलेले पाणी नितळ येईपर्यंत खळबळावा. आत राहिलेला शाम्पू वाळल्यावर केस चिकट आणि ताठ होतात.

ओले केस पिरगळू नयेत; टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे आणि बोटांनी मूळ आकार द्यावा. वाळल्यानंतर तो आकार नीट देता येत नाही. ब्रश टेबलाच्या कडेवर आडवे ठेवून केस बाहेर काढले, की त्यांना चहूबाजूंनी हवा लागते. डोळ्यांचे बारीक ब्रश काही तासांत वाळतात, दाट ब्रशला पूर्ण दिवस लागतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात तेवढाही पुरत नाही. पंख्याखाली ठेवूनही मुळाशी ओल राहिली तर कुबट वास येतो, आणि तसा ब्रश डबीत बंद केला तर बुरशी धरते. घाई म्हणून गरम हेअर ड्रायर फिरवला, तर कृत्रिम तंतू वाकडे होतात. कडक उन्हाने नैसर्गिक केस ठिसूळ पडतात.

एकच ब्रश अनेकांना वापरायचा असेल तर धुण्याबरोबर निर्जंतुकीकरणही लागते. नवरीचा मेकअप करणारे आणि नाटकाचे रंगभूषाकार यासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ९९ टक्क्यांचे अल्कोहोल लवकर उडून जाते, शिवाय जंतूंची प्रथिने मोडायला त्यात थोडे पाणी असावे लागते. फवारा टोकांवरच मारावा, कारण अल्कोहोलने दांड्याचे पॉलिश जाते आणि ॲक्रिलिकच्या दांड्याला चिरा पडतात. ब्रश सुकेपर्यंत तो दिवा आणि गॅसपासून लांब ठेवावा. रोजच्या घरगुती वापरात अल्कोहोलची गरज नाही. त्याने केस कोरडे होतात आणि साठलेले तेल नीट निघतही नाही.

ओलसर ब्रश कॉम्पॅक्टवर फिरवला तर पावडरीवर चकचकीत कडक थर धरतो आणि मग रंग उचलला जात नाही. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की तो थर निघून येतो. नव्या ब्रशचे पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडे केस गळणे स्वाभाविक आहे. पुढेही प्रत्येक वेळी गळत राहिले, तर आतला गोंद सुटलेला असतो आणि असा ब्रश डोळ्यांजवळ वापरू नये.