'रोबोकॉप ३' : पार्श्वभूमी

अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेल्या पोलिसाच्या मालिकेतला 'रोबोकॉप ३' अमेरिकेत नोव्हेंबर १९९३मध्ये लागला, पण चित्रीकरण १९९१मध्येच अटलांटात उरकलं होतं. मधल्या काळात निर्मिती कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तयार सिनेमा डब्यात पडून राहिला. सुमारे २.२ कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत गल्ला जेमतेम १ कोटीचा. खापर फुटतं ते या रखडण्यावर, नाहीतर बदललेल्या नायकावर. आधीचा नट दुसऱ्या सिनेमात अडकला होता. नवा त्याच्यापेक्षा उंच, आणि अंगावर चढवलं ते जुन्याच मापाचं चिलखत. ते त्याला काचत राहिलं. हे सगळं खरं असलं तरी सिनेमा बिघडला तो कोणत्या वयाने पाहावा हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रापायी.

पहिल्या दोन भागांना अमेरिकेतलं 'आर' प्रमाणपत्र मिळालं होतं, तिसरा ठरवून त्याहून सौम्य 'पीजी-१३'मध्ये बसवला गेला. मराठीत 'आर' म्हणजे आपलं 'ए' असं सर्रास लिहितात, ते चूक आहे. आपल्याकडे 'ए' सिनेमाला अठरा वर्षांखालच्या मुलाला बापासोबतही आत सोडायचं नसतं. 'आर'ला सतरा वर्षांखालचं पोर मोठ्या माणसाबरोबर खुशाल जाऊ शकतं. 'ए'च्या जवळ जाणारं तेव्हाचं प्रमाणपत्र 'एक्स', आणि १९८७च्या पहिल्या भागाला आधी तेच मिळालं होतं. पुन्हापुन्हा कात्री लावून तो 'आर'मध्ये आणला. 'पीजी-१३' हा वर्ग १९८४चा : तेराखालच्या मुलांच्या पालकांना इशारा, अडवणूक कुणाचीच नाही.

आता गंमत अशी, की या 'आर' सिनेमावरून १९८८मध्ये मुलांसाठी कार्टून मालिका निघाली, खेळणीही आली. चाहता वर्ग पोरांचा, आणि त्यांना एकट्याने तिकीट मिळत नाही! निर्मात्यांचा हिशेब तसा वेडगळ नव्हता. हिशेबात धरलं नाही ते एवढंच, की पोरांना आवडलेला रोबोकॉप रक्तबंबाळ होता.

फरक ईडी-२०९ या यंत्राकडे पाहिला तरी कळतो. पहिल्या भागात ते कंपनीच्या बैठकीत प्रात्यक्षिकाला आणतात. समोरचा अधिकारी पिस्तूल खाली टाकतो, तरी यंत्र मोजत राहतं आणि त्याची चाळण करतं. तिसऱ्या भागात एक लहान मुलगी त्याला लॅपटॉप जोडते आणि ते कुत्र्याच्या पिल्लासारखं इमानी होतं. भरीला जेटपॅक लावून उडणारा नायक आणि जपानी निंजा यंत्रमानव.

२०१४मध्ये रोबोकॉप नव्याने काढला, तोही 'पीजी-१३'. 'टर्मिनेटर' या यंत्रमानवांच्याच दुसऱ्या मालिकेचे पहिले तीन भाग 'आर' होते. २००९ आणि २०१५चे भाग 'पीजी-१३'च्या वाटेने गेले. २०१९ला ती मालिका पुन्हा 'आर'वर आली. तोही सिनेमा तोट्यात गेला, आणि या वेळी प्रमाणपत्राला बोल लावायची सोय नव्हती.