दुक्ला प्राग ‘अखंड’ चालत आलेला क्लब नव्हे

चेक फुटबॉलबद्दल वाचताना एक गोष्ट हमखास भेटते: प्रागमध्ये आज खेळणारा दुक्ला म्हणजे जुन्या काळातला नामवंत खेळाडू योसेफ मासोपुस्तचाच क्लब, मध्ये फक्त थोडे वाईट दिवस आले. हे खरं नाही. मधल्या दिवसांत एक खाणगाव येतं, प्रिब्राम.

जुना दुक्ला लष्कराचा, 1948 सालचा. लीगची 11 विजेतेपदं त्याच्याच नावावर, आणि 1962 चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारा मासोपुस्तही त्याचाच. साम्यवादी सत्ता गेली, लष्कराचा हात सुटला. 1993-94 च्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये एकच सामना जिंकता आला, आणि संघ थेट तिसऱ्या श्रेणीत गेला.

1996 मध्ये प्रिब्रामच्या क्लबाशी विलीनीकरण झालं. युरेनियमच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला त्यातून पहिली श्रेणी मिळाली. 1997 मध्ये बढती मिळताच संघ तिकडेच गेला, नाव ‘दुक्ला प्रिब्राम’. पुढे 2000 मध्ये ‘दुक्ला’ही पुसलं गेलं आणि कॉफीच्या ब्रँडचं ‘मारिला’ चिकटलं. लष्करी दबदब्याच्या क्लबाचं हे असं व्हावं!

मग आजचा दुक्ला कुठला? तो प्रागच्याच देयवित्से भागातल्या छोट्या दुक्लातून वर आला. दुसऱ्या श्रेणीतली जागाही त्याने मैदानात कमावली नाही, याकुब्चोवित्सेच्या क्लबाकडून घेतली. 2011 मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोचला. मैदान मात्र जुनंच, यूलिस्का, आणि मासोपुस्तचा पुतळाही तिथेच. त्यामुळे घोळ होणारच.